निरंक

घटस्फोटाच्या किंवा पोटगीच्या दाव्यात आज नवरा-बायको दोघांनाही उत्पन्नाचं, मालमत्तेचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात त्याचा नमुनाच घालून दिला. नोकरी, पगार, स्थावर, ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, वाहन, दागिने असे त्याचे रकाने आहेत. कौटुंबिक न्यायालयात वकिली करणाऱ्यांना हे कागद रोजचेच. पण रोज हाताळता हाताळता त्यांतला एक शब्द खुपायला लागतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, वीसेक वर्षं संसार केलेल्या बाईच्या प्रतिज्ञापत्रात रकान्यामागून रकान्यात ‘निरंक’ लिहिलेलं असतं. सरकारी मराठीतला हा शब्द तलाठ्याच्या दप्तरापासून न्यायालयापर्यंत सगळीकडे चालतो. या सदरात नोंदवण्यासारखं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो लिहिणारी बाई मात्र घराचा हप्ता, किराणा, मुलांच्या फिया, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, कोणत्या महिन्यात कुणाकडून हातउसने घेतले आणि कधी फेडले, हे सगळं तोंडपाठ सांगू शकते. एवढा कारभार पाहिलेल्या माणसाची जमा शून्य कशी, हा प्रश्न नमुन्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. माझ्या मते मध्यम वयात नव्याने उभं राहणाऱ्या घटस्फोटित बाईचा खरा प्रश्न याच शब्दात आहे.

अशा बाईबद्दल आपण नेहमी ‘शून्यातून सुरुवात केली’ असं म्हणतो. दिवाळी अंकांतल्या मुलाखतींपासून महिला दिनाच्या सत्कारांपर्यंत हेच वाक्य फिरत असतं आणि त्यामागोमाग जिद्द, स्वाभिमान, पदर खोचून उभं राहणं येतं. या कौतुकात खोट नाही. पण ते एक गोष्ट गृहीत धरून चालतं : आधीची वीस वर्षं जमेच्या बाजूला काही नव्हतंच, जे काही आहे ते घटस्फोटानंतर तिने कमावलं. नवऱ्याच्या बाजूचा युक्तिवादही हेच धरून चालतो. म्हणजे तिचा सत्कार करणारे आणि तिची पोटगी नाकारणारे, दोघेही एकाच शून्यापासून मोजायला लागतात. माझं म्हणणं असं की ते शून्य मुळातच खोटं आहे. ती शून्यातून सुरुवात करत नाही, ती न झालेल्या वाटणीतून सुरुवात करते. वीस वर्षं दोघांनी मिळून उभं केलेलं एकाच्या नावावर राहतं आणि दुसरीला नव्याने उभं राहण्याबद्दल शाबासकी मिळते. हिशेबाच्या जागी कौतुक आलं की हिशेब मागणारी बाई लोभी दिसायला लागते. ही अदलाबदल आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती मांडून दाखवायला पुरावे द्यावे लागतात.

पुरावे न्यायालयाच्याच दप्तरात आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामासाठी स्त्रियांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. २०११च्या जनगणनेत घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असं सांगणाऱ्या स्त्रिया जवळजवळ १६ कोटी होत्या, पुरुष ५८ लाखांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१च्या ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या निकालात हे दोन्ही आकडे उद्धृत केले आणि गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे, ते मोजलं पाहिजे, असं सांगितलं. त्याआधी २००१ साली ‘लता वाधवा’ खटल्यात ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या सेवेचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं गेलं होतं. २०१० साली ‘अरुण कुमार अग्रवाल’ खटल्यात न्यायालयाने जनगणनेवर नापसंती दाखवली, कारण तिथे गृहिणींची वर्गवारी भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक म्हणून केली होती. हे तिन्ही निकाल अपमृत्यूच्या नुकसानभरपाईचे आहेत. अर्थ असा की बाई अपघातात गेली तर तिच्या स्वयंपाकाची, मुलांच्या अभ्यासाची, आजारपणातल्या जागरणांची किंमत ठरते आणि ती मिळणाऱ्या वारसांत नवराही असू शकतो. तीच बाई जिवंतपणी वेगळी झाली की त्याच कामाच्या रकान्यात निरंक येतं. एकाच कामाला मेल्यावर मोल आहे आणि जिवंतपणी नाही, हे कोणत्याही हिशेबात बसणारं नाही.

‘वाटणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण हिशेबाची ही पद्धत मराठी घराला शिकवावी लागत नाही. भाऊ वेगळे होतात तेव्हा गावात चार जाणती माणसं बसतात, वाटणीपत्र होतं, जमिनीचे गट, विहिरीच्या पाळ्या, बैल आणि तांब्याचा बंबसुद्धा वाटला जातो. एक भाऊ मुंबईहून मनिऑर्डर पाठवत होता आणि दुसरा गावी राहून शेत आणि आईबाप बघत होता, म्हणून गावच्या भावाचा हिस्सा निरंक धरत नाहीत. तू रोख किती आणलीस, असं त्याला कोणी विचारत नाही. उलट कायद्यानेही वडिलार्जित मिळकतीतला हिस्सा कमाईवर ठरत नाही. आणि स्त्रीच्या हिश्शाची कल्पना या परंपरेला परकी होती असंही नाही. महाराष्ट्रात चालत आलेल्या मिताक्षरा पद्धतीत पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नसे, पण बाप आणि मुलं यांच्यात वाटणी झालीच तर तिला मुलाइतका हिस्सा मिळे. याच सूत्रावर सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेला हिराबाई मगदूम यांचा दावा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला. नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं मानून त्यांना २४पैकी ७ हिस्से मिळाले. म्हणजे मुलं वेगळी झाली तर बायकोला हिस्सा, नवरा वारला तर बायकोला हिस्सा. तिचं स्वतःचं लग्न मोडलं तरच तिला हिस्सा नाही, तिला पोटगी. सगळ्यात मोठं फुटणं जे, त्याच वेळी वाटणी होत नाही.

ही व्यवस्था अपरिहार्य आहे असं म्हणावं, तर शेजारी गोवा आहे. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत १९६१च्या मुक्तीनंतरही कायम राहिली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मिळकत सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. नवऱ्याला घर किंवा जमीन विकायची तर बायकोची सही लागते आणि लग्न मोडलं तर मिळकत निम्मी-निम्मी होते. आयकराचा कायदाही हे मानतो : अशा गोवेकर जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं विभागून दाखवलं जातं. आपण लग्नपत्रिकेत आणि श्रद्धांजलीत वापरतो तो अर्धांगिनी हा शब्द गोव्यात खरेदीखतावर उतरतो. यावर कोणी म्हणेल की गोव्यात तरी बायका कुठे सुखी आहेत? तिथेही कारभार बहुधा पुरुषाच्याच हातात असतो, लग्नाआधीच्या कराराने हक्क टाळता येतो, मारहाण तिथेही होते. हे खरं आहे आणि निम्मा वाटा म्हणजे समता, असा माझा दावाही नाही. दावा एवढाच आहे की बोलणी कुठून सुरू होतात ते तिथे बदलतं. गोव्यातली बाई निम्म्यापासून बोलायला लागते. सीमेवरच्या दोडामार्गच्या अलीकडची बाई निरंकपासून. पुढे दोघींना थोडंफार सोडावं लागलं, तरी एक आपलं सोडते आणि दुसरी काही मिळावं म्हणून विनवते.

विनवणीचं कायदेशीर नाव पोटगी. या शब्दातच पोट आहे आणि मापही तेच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ने दावा चालू असताना आणि कलम २५ने निकालानंतर निर्वाहाची तरतूद होते. गरज किती आणि समोरच्याची ऐपत किती, यावर आकडा ठरतो. २०१७च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या हातात पडणाऱ्या पगाराचा २५ टक्के भाग योग्य मानला, तेव्हापासून तो आकडा पायरीसारखा वापरला जातो. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालात पुढचं पाऊल पडलं. मुलांसाठी, घरातल्या म्हाताऱ्यांसाठी नोकरी सोडलेल्या पत्नीला वय वाढल्यावर पुन्हा कामाच्या जगात शिरणं सोपं नसतं, दीर्घ संसाराचं हे वास्तव रक्कम ठरवताना लक्षात घ्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी हेही तिथेच ठरलं. मे २०२५मध्ये आलेल्या एका निकालात तर दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ घालून दिली. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण सुधारलेली पोटगी ही पोटगीच राहते. कलम २५च्या पोटकलम ३ प्रमाणे बाईने पुन्हा लग्न केलं किंवा तिच्या चारित्र्याबद्दल आक्षेप सिद्ध झाला, तर ती बदलता किंवा बंद करता येते. भावाने वाटणीनंतर काय केलं यावरून त्याचा हिस्सा कोणी परत मागत नाही. महिन्याची पोटगी थकते, थकबाकीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते, आणि दर तारखेला मी अजून गरजूच आहे हे तिला दाखवत राहावं लागतं. चार पैसे कमवायला लागली की त्याच कमाईचा पुरावा तिच्याविरुद्ध दाखल होतो. नव्याने उभं राहणं आणि पोटगी मिळत राहणं, या दोन गोष्टी अशा एकमेकींच्या आड येतात.

मध्यम वयाचा मुद्दा इथे निर्णायक ठरतो. पंचविशीतल्या घटस्फोटितेकडे वेळ असतो. पंचेचाळिशीतल्या बाईकडे तोच नसतो आणि पैशाच्या जगात वेळेला थेट किंमत आहे. महिन्याला ५,००० रुपये ८ टक्क्यांनी २० वर्षं साठवले तर साधारण साडेएकोणतीस लाख होतात. तेच १० वर्षं साठवले तर सव्वानऊ लाखांच्याही आत राहतात. वर्षं निम्मी, पण पुंजी एक तृतीयांशाहून कमी. पगारदाराचं गृहकर्ज बहुधा साठीपर्यंतच मिळतं. २० लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता १८ हजारांच्या आसपास बसतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तेच कर्ज १२ वर्षांत फेडायचं तर हप्ता २२,७०० रुपयांच्या पुढे जातो. नवऱ्याच्या कंपनीच्या गटविम्यातून घटस्फोटाबरोबर तिचं नाव निघतं. नवा विमा घेतला तर आधीपासूनच्या रक्तदाबासाठी किंवा मधुमेहासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि २०२४पूर्वी ही मुदत ४ वर्षांपर्यंत होती. केंद्र सरकारच्या ‘गट क’ नोकऱ्यांत विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना वयाची सवलत आहे, पण सर्वसाधारण प्रवर्गात ती पस्तिशीपर्यंतच. नवऱ्याच्या निवृत्तिवेतनावर तिचा हक्क उरत नाही, पण वडील केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी असतील तर ठरावीक अटींवर घटस्फोटित मुलगी म्हणून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ज्या घरात वीस वर्षं राबली तिथलं काही नाही, जिथून निघाली तिथलं थोडं आहे. जर्मनीत लग्नाच्या काळात दोघांनी कमावलेले निवृत्तिवेतनाचे हक्क घटस्फोटाच्या वेळी विभागण्याची पद्धत १९७७पासून आहे. गेलेली वीस वर्षं जिद्दीने भरून निघतात असं म्हणणाऱ्याने चक्रवाढीचं गणित एकदा मांडून पाहावं.

उरतं ते काम, आणि तिथे निरंकचा खोटेपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. या वयात बहुतेक बायकांना जी कामं मिळतात ती पाहा : पोळी-भाजी केंद्र, घरगुती डबे, शिकवण्या, शिवणकाम, पाळणाघर, ब्यूरोमार्फत आजाऱ्यांची किंवा वृद्धांची देखभाल. यातलं एकही काम ती नव्याने शिकत नाही. तेच हात, तीच पोळी. १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या डब्याच्या व्यवसायाला अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते आणि नोंदणीच्या त्या कागदाबरोबर काल जे प्रेम आणि कर्तव्य होतं ते आज उद्योग होतं. पाळणाघरात दुसऱ्याच्या मुलाला चार तास सांभाळण्याचे पैसे मिळतात, तेव्हा स्वतःच्या दोन मुलांना पंधरा वर्षं सांभाळण्यात आर्थिक काही नव्हतं हे म्हणणं टिकत नाही. घरकामाला भाव लावणं म्हणजे नात्याचा बाजार मांडणं, असा आक्षेप यावर हमखास येतो. पण संसार सुखाने चालू असताना कोणी भाव लावा म्हणत नाही. भाऊ एकत्र असताना कोणी कुणाच्या ताटातल्या भाकरी मोजत नाही. वेगळे होताना मात्र मोजतात आणि त्याला कोणी बंधुप्रेमाचा बाजार म्हणत नाही.

सगळ्यात जोरात मांडला जाणारा आक्षेप गैरवापराचा. सहा महिने संसार करायचा आणि करोडो रुपये मागायचे, असं सुरू होईल. घरी चार नोकर असलेल्या, काडीही न हलवलेल्या बाईलाही निम्मं द्यायचं का? सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४मध्ये एका प्रकरणात बजावलं की पोटगी म्हणजे माजी नवऱ्याशी श्रीमंतीत बरोबरी साधण्याचा मार्ग नव्हे. ते बजावणं मला मान्य आहे. तो संसार अल्पकाळाचा होता आणि मागणी पुढच्या ऐश्वर्यात वाटा मिळावा अशी होती. वाटणीचं तत्त्व उलट ही मर्यादा घालून देतं. लग्नाआधीचं ज्याचं त्याचं, वेगळं झाल्यानंतरचंही ज्याचं त्याचं. मोजायचं ते फक्त एकत्र असताना जमलेलं. सहा महिन्यांत काय जमणार? जे काही जमलं असेल तेवढ्याचाच हिशेब. नोकरचाकरांच्या घरातली बाई अपवाद आहे आणि अपवादासाठी न्यायाधीशाला थोडा अधिकार ठेवता येतो. आळशी भावालाही हिस्सा मिळतो म्हणून आपण वाटणीचा कायदा रद्द केलेला नाही. शिवाय हे तत्त्व दोन्हीकडून लागू व्हायला हवं : बायको कमावती आणि नवऱ्याने घर सांभाळलं असेल तर त्यालाही वाटा. हिंदू विवाह कायद्याची पोटगीची कलमं आजही पती आणि पत्नी दोघांनाही अर्ज करू देतात, त्यामुळे यात पुरुषांवर अन्याय होण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप बायकांकडूनच येतो आणि तो मला जास्त जड वाटतो. ‘मला त्याचा एक पैसा नको, मला फक्त सुटका हवी.’ यात थकवा असतो, मुलांना त्रास नको ही इच्छा असते आणि खराखुरा स्वाभिमानही असतो. परस्पर संमतीच्या अर्जाबरोबर जो समझोता होतो त्यात एक ठरलेलं वाक्य असतं : पत्नीने भूत, वर्तमान आणि भविष्यकाळातल्या पोटगीचा हक्क सोडला आहे. मराठी बाईच्या आयुष्यात हक्क सोडण्याचा हा बहुधा दुसरा कागद. पहिला माहेरचं हक्कसोडपत्र, भावांशी गोडवा राहावा म्हणून केलेला. माहेरचा हिस्सा नात्यासाठी सोडायचा आणि सासरचा नातं संपलं म्हणून सोडायचा, अशी दोन्ही टोकांची कारणं शेवटी एकाच परिणामाला येतात. स्वाभिमानाचा मी आदर करतो. पण तो कशाबद्दल आहे ते तपासून पाहायला हवं. दान नाकारणं हा स्वाभिमान आहे. स्वतःचा हिस्सा नाकारणं म्हणजे तो हिस्सा आपला नव्हताच हे सहीनिशी मान्य करणं. पोटगी या शब्दाने हिश्शाला दानाचं रूप दिलं, म्हणून तर मानी बाईला तो नाकारावासा वाटतो. शब्द बदलला तर याच बायका वेगळा निर्णय घेतील असं मला वाटतं. थकव्याचं उत्तर मात्र शब्दात नाही. ते लवकर लागणाऱ्या निकालात आहे आणि तिथे आमची व्यवस्था कमी पडते हे मान्य करायला हवं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे : बहुसंख्य घरांत वाटायला असतंच काय? भाड्याची खोली, सोसायटीचं कर्ज, सासऱ्याच्या नावावरचं घर. शिवाय घटस्फोटाच्या हुकमापर्यंत पोचणाऱ्या बायका थोड्याच. २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित साडेतेरा लाखांच्या आसपास आणि विभक्त राहणारे त्यांच्या अडीचपट होते. या दुसऱ्या वर्गातल्या बाईला आपण परित्यक्ता म्हणतो आणि तिच्या हाती कोणताच कागद नसतो. इथे वाटणी पुरेशी नाही हे उघड आहे. नांदत्या घरात राहण्याचा हक्क २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला, २०२०च्या ‘सतीश चंदर आहुजा’ निकालाने तो सासऱ्याच्या मालकीच्या घरापर्यंत नेला. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही. राज्याची संजय गांधी निराधार योजना घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये देते, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तरच. महिन्याला पावणेदोन हजारही कमावणारी बाई त्यातून बाहेर पडते. तरीही वाटायला काही नाही हे वाक्य मी जपून घेतो. दीड एकर, एक टपरी, रिक्षाचा परवाना, गिरणीतल्या नोकरीचा भविष्य निर्वाह निधी, हे भावांच्या वाटणीत कुणाला क्षुल्लक वाटत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतरच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा सामान्य शेतकऱ्यांनीच आपल्या तुकड्यातला हिस्सा बायकोच्या नावावर केला होता. थोडं आहे म्हणून वाटायचं नाही, हा नियम आपण फक्त बायकोपुरता ठेवला आहे.

एक काळ असा होता की नव्याने उभं राहणाऱ्या बाईला काय लागतं हे महाराष्ट्राला नेमकं कळत होतं. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९चं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा, रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९चं. या संस्थांनी धीराच्या गोष्टींवर भागवलं नाही. डोक्यावर छप्पर, शिकायला दोन-तीन वर्षांची मोकळीक आणि शेवटी शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून हातात कमाई, अशी त्यांची रीत होती. छप्पर, मोकळीक आणि शिक्षण, तिन्हींना पैसा लागतो. त्या काळच्या विधवेकडे स्वतःचं काही नव्हतं, म्हणून समाजाने वर्गणी काढली. आजच्या घटस्फोटितेचा पैसा आहे, तो फक्त दुसऱ्याच्या नावावर आहे. नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेलं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं होतं. लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळलं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या पत्नीचा बरोबरीचा वाटा मानला. कायदा नसतानाही न्यायाधीशांना तत्त्व दिसतं, याचा तो पुरावा आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर परस्पर संमतीचा समझोता हाच वाटणीपत्रासारखा लिहिता येतो आणि माझा आग्रह तेवढाच आहे. सही करण्याआधी लग्नानंतर जमलेल्या सगळ्याची यादी करा : घर आणि त्यावरचं कर्ज, भविष्य निर्वाह निधी, विम्याच्या पॉलिसी, ठेवी, सोनं, आणि तुमच्या नावाने काढलेली पण तुम्ही न वापरलेली कर्जंही. एकरकमी रक्कम आणि महिन्याची पोटगी यांचा फरक समजून घ्या : मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निर्णयाप्रमाणे आयकरासाठी एकरकमी रकमेला उत्पन्न मानत नाहीत, महिन्याच्या पोटगीला मानतात. महिन्याचीच घ्यायची असेल तर दर दोन वर्षांच्या वाढीचं कलम घाला आणि नवऱ्याच्या स्थावरावर पोटगीचा बोजा चढवून मागा, कलम २५मध्ये ती सोय आहे. गटविम्यातून नाव निघण्याआधी त्याच कंपनीकडे वैयक्तिक विम्यात जाता येतं का ते विचारा. नोकरी सोडल्याची तारीख, मुलांच्या जन्मतारखा, सासू-सासऱ्यांच्या आजारपणाची वर्षं प्रतिज्ञापत्रात लिहा. न्यायालयाने ती विचारात घ्यायला सांगितली आहेत. त्या भूत-वर्तमान-भविष्याच्या वाक्याखाली सही करायचीच असेल, तर ती या यादीनंतर करा.